‘फक्त शेंडे काप’ म्हटलं होतं! नको तेवढे केस कापले गेले की विश्वास का उडतो?

किनवटच्या बसस्टँडकडच्या कुठल्याही कटिंगच्या दुकानात दहा मिनिटं बसा. गिऱ्हाईक खुर्चीत टेकतं, गळ्याभोवती कापड येतं आणि ठरलेला संवाद होतो. ‘कशी करू भाऊ?’ ‘साईडनं बारीक, वरून मध्यम.’ संपलं. एवढ्या पाच-सहा शब्दांवर माणूस आपलं डोकं दुसऱ्याच्या हवाली करतो. बायकांच्या पार्लरमध्ये तर याहून कमी बोलणं होतं. ‘ताई, फक्त शेंडे काढा’, इतकंच.

बहुतेक वेळा काम नीट होतं. पण एखाद्या वेळी ‘मध्यम’चा अर्थ दुसराच लागतो, ‘शेंडे’ म्हणता म्हणता वीतभर वेणी खाली पडते आणि कापड झटकल्यावर आरशात भलताच चेहरा दिसतो. त्यानंतर काय होतं हे तुमच्या ओळखीतल्या चार बायकांना विचारून बघा. एक जण तीन वर्षं पार्लरची पायरी चढलेली नसते. एक जण बहिणीकडून घरीच शेंडे कापून घेते. एक जण जाते, पण पूर्ण वेळ खुर्चीचे हात घट्ट धरून बसते. पुरुष फारसं बोलत नाहीत, ते गुपचूप दुकान बदलतात.

‘केसच तर आहेत, येतील परत’ हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. येतातच, प्रश्न किती दिवसांनी हा आहे. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, फार तर थोडा जास्त वाढतो. चार इंच जास्त कापले गेले तर भरून यायला जवळपास दहा महिने लागतात. कमरेपर्यंतची वेणी खांद्यावर आली, तर ती परत कमरेला पोचायला तीन वर्षं सहज जातात. शिंप्यानं ब्लाऊज बिघडवला तर तो कपाटात टाकता येतो. बिघडलेले केस घेऊन मात्र रोज ऑफिसला जावं लागतं, लग्नाच्या फोटोत उभं राहावं लागतं आणि ‘अगं, हे काय केलंस?’ याला उत्तर द्यावं लागतं. करणारी ती नसतेच, तरी प्रश्न तिलाच असतो.

मराठीत विश्वासघाताला ‘केसाने गळा कापणे’ म्हणतात आणि फजिती करण्याला ‘बिनपाण्याने हजामत’. दोन्ही वाक्प्रचार याच धंद्याच्या आसपासचे आहेत. गळ्याशी वस्तरा धरू द्यायचा म्हणजे समोरच्यावर केवढा भरवसा हवा, हे भाषेला आपल्या आधी कळलेलं दिसतं.

चार इंचांचा खटला

नको असलेल्या हेअरकटचा भारतातला सगळ्यात गाजलेला खटला दिल्लीचा आहे. एप्रिल २०१८ मध्ये एक महिला तिथल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये गेली. तिच्या म्हणण्यानुसार तिने सांगितलं होतं, की पुढे-मागे लांब लेअर ठेवा आणि खालून चार इंच सरळ कापा. तिचा चष्मा जाड भिंगांचा. तो काढून ठेवलेला, मान खाली घालायला सांगितलेली. त्यामुळे आरशात काय चाललंय हे तिला दिसत नव्हतं. तासाभरानंतर तिने बघितलं तर डोक्यावर वरून जेमतेम चार इंच केस उरले होते.

सांगताना आकडा चारच होता आणि झाल्यावरही चारच. ‘चार इंच काप’ आणि ‘चार इंच ठेव’ यांत एका क्रियापदाचा फरक आहे. तिने पैसे देणं-घेणं बाजूला ठेवून व्यवस्थापनाकडे तक्रार केली. पुढे तिथेच केसांवर मोफत ट्रीटमेंट झाली, तिच्यामुळे टाळूला इजा झाली अशीही तिची तक्रार होती.

सप्टेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने सेवेत त्रुटी झाल्याचं मान्य केलं आणि दोन कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. हेअरकटचे दोन कोटी! देशभर बातम्या झाल्या, विनोदही झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात दोन गोष्टी वेगळ्या केल्या. सेवेत त्रुटी होती या निष्कर्षात ढवळाढवळ केली नाही. भरपाईची रक्कम मात्र रद्द केली, कारण एवढं नुकसान झालं हे दाखवणारा पुरावा आयोगापुढे नव्हता. तक्रारदार महिलेचं म्हणणं होतं की तिची मॉडेलिंगची कामं गेली, नोकरीवर परिणाम झाला. न्यायालयाचं म्हणणं असं, की मग त्याची कागदपत्रं दाखवा. प्रकरण परत आयोगाकडे आलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयोगाने पुन्हा दोन कोटींचाच आदेश दिला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

लोकांनी यातला दोन कोटींचा आकडा लक्षात ठेवला. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट खरं तर दुसरी आहे. केस सांगितल्यापेक्षा भलतेच कापले तर ती नुसती ‘कुरबुर’ राहत नाही, कायद्याच्या नजरेत ती सेवेतली त्रुटी ठरू शकते, हे या खटल्यात मान्य झालं. वाद उरला तो पैशाचा.

जास्त कापले जातात ते कसे?

दर वेळी कारागीर बेफिकीर असतो असं नाही. केस हा पदार्थच मोजमापाला अवघड आहे.

पहिली अडचण पाण्याची. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याचा आकार धरून ठेवणाऱ्या बंधांपैकी काही, म्हणजे हायड्रोजन बंध, पाण्याने सुटतात. म्हणून ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो. निरोगी ओला केस ओढला तर तीस टक्क्यांच्या आसपास लांबू शकतो. पार्लरमध्ये आधी फवारा मारतात, मग कंगव्याने खाली ओढतात, मग बोटांत घट्ट धरून कापतात. तेव्हा इंचभरच कापलेला असतो. पण केस वाळून आपल्या जागी परत गेले की दीड-दोन इंच गेल्यासारखे वाटतात. कुरळ्या केसांचं तर विचारूच नका. वळण परत आलं की खांद्यावरचे केस कानाशी येतात. कुरळे केस सरळ केसांच्या हिशोबाने ओले कापणं ही मोठी चूक आहे आणि ती सर्रास होते.

दुसरी अडचण भोवऱ्याची. डोक्याच्या मागच्या बाजूला केस जिथे गोल फिरतात तिथे ते एका मर्यादेपेक्षा आखूड झाले की आडवे बसत नाहीत, उभे राहतात. मग ते उभे केस ‘बसवायला’ आजूबाजूचे कापायचे, ते खालीवर झाले म्हणून पुन्हा कापायचे, असं सुरू होतं. बिघडलेल्या कितीतरी कटिंगची सुरुवात एका लहानशा चुकीनेच झालेली असते. ती चूक लपवायला जाताना डोकं संपतं.

तिसरी अडचण मशीनची. मशीनला लावायच्या कंगव्यांना नंबर असतात. एक नंबर म्हणजे साधारण तीन मिलिमीटर केस उरतात, दोन म्हणजे सहा, तीन म्हणजे जवळपास दहा, चार म्हणजे तेरा. कंगवाच लावला नाही तर झिरो. कात्रीने दहा वेळा थोडं थोडं कापताना ‘थांब’ म्हणायला दहा संधी मिळतात. मशीन कानामागून एकदा वर गेलं की विषय संपला, कारण त्या पट्ट्याला जुळवून घ्यायला उरलेलं डोकंही तेवढंच करावं लागतं.

आणि चौथी अडचण, माझ्या मते सगळ्यात मोठी, भाषेची. ‘दोन बोटं काप’ म्हणजे किती? कुणाची बोटं? बोटं आडवी धरली तर दीड इंच होतं, पण उभी धरली तर अडीच-तीन. ‘मध्यम’ हा शब्द शाळेच्या सरांच्या तोंडी एक असतो, कॉलेजच्या पोराच्या तोंडी दुसरा. ‘शेंडे’ म्हणजे बाईच्या मनात अर्धा इंच, पार्लरवाल्या ताईंच्या डोळ्यांना दिसतात ते फाटे फुटलेले, दुतोंडी झालेले केस, आणि ते कधी कधी वर चार इंचांपर्यंत असतात. त्या ‘खराब’ तेवढं सगळं काढून टाकतात. त्यांच्या हिशोबाने त्यांनी चोख काम केलं. सांगणारीच्या हिशोबाने तिची वेणी गेली. मोबाईलवर फोटो दाखवण्याचा उपायही अर्धाच आहे, कारण फोटोतल्या नटीचे केस दाट असतात, वळणाचे असतात, कधी कधी तर जोडलेले असतात. कारागीर कापतो तो आकार फोटोतला, पण बसतो तो आपल्या केसांवर.

चूक माफ होते, न ऐकणं होत नाही

विश्वास म्हणजे नेमकं काय यावर व्यवस्थापनशास्त्रात बराच अभ्यास झालेला आहे. रॉजर मेयर, जेम्स डेव्हिस आणि डेव्हिड शूरमन या तिघांनी १९९५ मध्ये मांडलेली रचना आजही वापरली जाते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आपण कुणावर विश्वास ठेवताना तीन गोष्टी जोखतो. त्याला काम येतं का, त्याला आपल्या भल्याची पर्वा आहे का, आणि तो दिल्या शब्दाला जागतो का.

हे हेअरकटला लावून बघा. हात चुकला, एक बाजू खालीवर झाली, तर पहिल्या गोष्टीला तडा जातो. राग येतो, पण ‘माफ करा, चुकलंच’ म्हटलं तर बरेच लोक परत येतात. ‘मी शेंडे म्हटलं होतं’ यावर ‘तुम्हाला हेच छान दिसतं’ असं उत्तर आलं, तर मात्र दुसरी आणि तिसरी गोष्ट दोन्ही गेल्या. कारण आता प्रश्न हाताच्या चुकीचा नाही. तिचं म्हणणं ऐकलं गेलं आणि मग बाजूला ठेवलं गेलं. डोकं तिचं असून निर्णय दुसऱ्याने घेतला. लोक खुर्चीलाच घाबरायला लागतात ते बहुतेक वेळा यामुळे.

त्यात भर पडते ती खुर्चीतल्या अवस्थेची. गळ्याला कापड, हात आत, चष्मा काढलेला, मान खाली, आणि मागे उभ्या माणसाच्या हातात धारदार कात्री. ‘थांबा’ म्हणायचं धैर्य होत नाही. अर्धवट कापलेल्या डोक्याने उठून जाणार कुठे? शिवाय किनवटसारख्या गावात पार्लरवाल्या ताई मैत्रिणीच्या जाऊबाई निघतात, कटिंगवाले काका वडिलांचे शाळासोबती. तोंडावर बोलायची सोय नसते. पैसे देऊन, ‘छान झालंय’ म्हणून बाहेर यायचं आणि घरी जाऊन रडायचं.

डोकं कुणाचं, हुकूम कुणाचा?

केस कापून घेणाऱ्याला न विचारता कापण्याचा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. त्याचं सगळ्यात क्रूर रूप म्हणजे विधवांचं केशवपन. आजच्या बिघडलेल्या लेअर कटची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही, आणि करूही नये. पण ‘डोकं कुणाचं आणि हुकूम कुणाचा’ हा प्रश्न मराठी समाजाने पहिल्यांदा जाहीरपणे भांडला तो तिथे.

ब्राह्मण आणि काही इतर उच्च मानल्या गेलेल्या जातींत नवरा वारला की बाईचं डोकं भादरत. कधी ती अकरा-बारा वर्षांची मुलगी असे. न्हाव्याला बोलावणारं घर सासरचं किंवा माहेरचं, दक्षिणा देणारंही तेच. जिचे केस जायचे तिला कुणी विचारत नसे, आणि एकदा करून भागत नसे. केस वाढले की पुन्हा न्हावी दारात. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. तिच्यातल्या यमूच्या वाट्याला शेवटी हेच येतं, आणि तेही बळजबरीने. आगरकरांनी या प्रथेविरुद्ध लिहिलं, जोतीराव फुल्यांनी आणि सत्यशोधकांनी आवाज उठवला.

या सगळ्यात एक घटना मला फार वेगळी वाटते. १८९० साली मुंबईत शेकडो न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं वपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. त्यामागे पुढाकार होता सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचा. गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी लढलेले लोखंडे ते हेच. सुधारकांनी लेख लिहिले, शास्त्र्यांनी वाद घातले. पण ज्याच्या हातात वस्तरा होता त्या माणसाने ‘मी नाही कापणार’ म्हणणं याचं वजन वेगळं होतं. त्यात त्यांची कमाई बुडत होती आणि ज्या घरांवर पोट अवलंबून होतं त्यांचा रोष होता. आपण ज्यांना ‘सांगितलेलं काम करणारे’ समजतो, त्यांनी सांगणारा आणि सोसणारा यांतला फरक ओळखला होता.

त्या काळच्या गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. मराठवाड्यात त्याला वारीकही म्हणत. खांद्याला धोकटी, तीत वस्तरा, कात्री, चिमटा, आरसा, आणि वर्षाच्या शेवटी खळ्यावर धान्य. एकच घराणं पिढ्यानपिढ्या तुमच्या घरची डोकी करायचं. जावळ काढायलाही तेच, म्हणजे मामाच्या मांडीवर बसून माणूस आयुष्यात पहिल्यांदा रडायचा तोही त्याच वस्तऱ्याला बघून. अशा नात्यात बिघडलेल्या कामाची तक्रार दुसऱ्या दिवशी पारावर होत असे आणि पुढच्या वेळी सुधारली जात असे. या व्यवस्थेचं फार गुणगान करण्यात मात्र अर्थ नाही. गावातल्या दलितांच्या डोक्याला हा हात लागत नव्हता. पुढे दुकानं झाली तरी कित्येक ठिकाणी त्यांना खुर्चीत बसू दिलं जात नव्हतं. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेपोटी असा नकार देणं गुन्हा ठरलं. विश्वास उडण्याची चर्चा ज्यांना दुकानात प्रवेश होता त्यांच्यापुरतीच आहे, हे विसरता येत नाही.

आता परत आजच्या खुर्चीकडे या. आठवीतल्या मुलाला बाबा घेऊन येतात, ‘एकदम बारीक करून टाका’ म्हणतात, मुलगा आरशात कारागिराकडे बघत असतो. नवरी मुलीच्या केसांबद्दल पार्लरमध्ये तिची काकू बोलते. नोकरीवरच्या बाईला ‘अहो, तुमच्या वयाला लहान केसच शोभतील’ असं परस्पर ठरवून दिलं जातं. पैसे कोण देतं यावरून हुकूम कुणाचा हे ठरायची सवय अजून गेलेली नाही.

किनवटच्या माणसाने तक्रार कुठे करायची?

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. शंभर-दीडशे रुपयांची कटिंग थोडी आखूड झाली म्हणून आयोगात जाण्यात वेळ घालवू नका. दुकानदाराशी बोला, पैसे परत मागा किंवा नीट करून घ्या. पण केमिकलने टाळू भाजली, स्ट्रेटनिंगनंतर केस पुंजक्याने गळले, किंवा दिसण्यावर ज्याचं काम अवलंबून आहे त्याचं काम गेलं, तर गोष्ट वेगळी.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात किनवटसारख्या सीमेवरच्या गावाला फार उपयोगी पडणारी एक तरतूद आहे. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. भाषावार प्रांतरचनेत ते नांदेडला जोडलं गेलं. लोकांचे पाय मात्र अजूनही आदिलाबादकडे वळतात, कारण ते नांदेडपेक्षा बरंच जवळ आहे. समजा किनवटच्या एखादीने लग्नासाठी आदिलाबादच्या पार्लरमध्ये केस करून घेतले आणि ते बिघडले. दुकान तेलंगणात, ती महाराष्ट्रात. नव्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे तिला आदिलाबादला खेटे घालायची गरज नाही, नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि कायद्यात व्हिडिओद्वारे सुनावणीची सोयही आहे. वकील सक्तीचा नाही. दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

दिल्लीचं प्रकरण थेट राष्ट्रीय आयोगात गेलं होतं, ते आता का जाणार नाही, हेही समजून घ्या. ती तक्रार जुन्या १९८६ च्या कायद्याखालची होती. तेव्हा कोणत्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवरही ठरत असे, आणि मागणी कोटींची होती. नव्या कायद्यात फक्त सेवेसाठी दिलेली रक्कम बघतात. म्हणजे पाचशे रुपयांच्या हेअरकटची तक्रार, भरपाई कितीही मागितली तरी, जिल्हा आयोगातच सुरू होणार.

पुरावा काय ठेवायचा? बिल किंवा यूपीआयची पावती. आधीचा आणि लगेच नंतरचा फोटो, दोन्हींत केसांची लांबी दिसेल असा. आपण काय मागितलं होतं ते दाखवणारा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर उत्तम. इजा असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी. काम बुडालं असेल तर त्याचा कागद. सर्वोच्च न्यायालयात दोन कोटी अडकले ते नेमके या शेवटच्या कागदापाशी.

बळजबरीने केस कापण्याचा मामला याहून पूर्ण वेगळा आहे. शिक्षा म्हणून, अपमान म्हणून कुणी डोकं भादरलं तर तो ग्राहक आयोगाचा विषय नाही, पोलिसांचा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीच्या बाबतीत तर अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने जबरदस्तीने मुंडन करणं आणि मिशी काढणं यांचा नाव घेऊन उल्लेख केलेला आहे. आदिवासी वस्ती मोठी असलेल्या किनवट तालुक्यात हे कलम माहीत असायला हवं.

आणि परवाना? अमेरिकेत केस कापण्याचा धंदा करायला राज्याची परवाना परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे दुकानाची नोंद होते, कारागिराची परीक्षा होत नाही. चांगले कारागीर उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकून तयार होतात, आणि काही तीन महिन्यांचा क्लास करून. बाहेरच्या पाटीवरून ते ओळखता येत नाही.

पुन्हा खुर्चीत बसताना

नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी मोठं काम सांगू नये. आधी फक्त केस धुऊन घ्यावेत किंवा कपाळावरचे थोडे सारखे करून घ्यावेत. ती व्यक्ती ऐकते का, हे तेवढ्यात कळतं. बोटांची मापं सोडून द्या. आपल्याच केसाची बट हातात धरून ‘इथपर्यंत ठेवायचे आहेत’ असं दाखवा, आणि ‘कापायचे’ ऐवजी ‘ठेवायचे’ हाच शब्द वापरा. केस वाळल्यावर कुठे येतील ते विचारा. पहिली बट कापली की आरशात बघू द्या असं आधीच सांगून ठेवा, आणि चष्मा असेल तर तेवढ्यापुरता घालायला लाजू नका. ‘थांबा’ म्हणणं हा उद्धटपणा नाही. चांगल्या कारागिराला ते आवडतंच, कारण त्याचंही नाव त्याच डोक्यावरून गावात फिरणार असतं.

कात्री चालवणाऱ्यांना शिकण्यासारखी गोष्ट एका अगदी वेगळ्या ठिकाणी आहे. डोक्यात जट झाली की ती देवीची समजून बायका वर्षानुवर्षं वागवतात. मान दुखते, दुर्गंधी येते, पण कापली तर कोप होईल ही भीती असते. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते अशा बायकांच्या जटा सोडवतात. कात्री लावायला फार वेळ लागत नाही, बोलण्यात मात्र कधी कधी अनेक भेटी जातात. आधी तिच्याशी, मग घरच्यांशी, मग पुन्हा तिच्याशी. ती स्वतः ‘हो’ म्हणेपर्यंत कात्री पिशवीतच असते.